‘फोटो पाठव ना’ : आग्रह, दडपण आणि कायदा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, हा विषय तर वकिलाचा किंवा पोलिसांचा.’ त्यांचं बरोबर आहे. मी वकील नाही. कोणाचं प्रत्यक्ष प्रकरण असेल तर त्यांनी वकिलाकडेच जावं, आणि तो फुकट कसा मिळतो तेही मी पुढे सांगणार आहे. पण ह्या विषयाच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘संमती’. तो शब्द मी तीसेक वर्षं वर्गात शिकवला आणि तरी तो मला पुरता कळला नव्हता. निवृत्तीनंतर एका प्रसंगाने ते माझ्या ध्यानात आलं. तो प्रसंग आधी सांगतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शिक्षण संपून नोकरीला लागलेली, समजूतदार मुलगी. चहा झाला, इकडचंतिकडचं बोलणं झालं, पण ती उठेना. मग हळूहळू सांगू लागली. एका मुलाशी लग्नाची बोलणी चालली होती. फोनवर रोज बोलणं व्हायचं. त्याने तिच्याकडे तसले फोटो मागितले. ती नाही म्हणाली. मग ‘माझ्यावर विश्वास नाही का’ सुरू झालं, मग आठवडाभर अबोला. शेवटी तिने एक फोटो पाठवला. पुढच्या आठवड्यात त्याने आणखी मागितले, आणि ह्या वेळी ती नाही म्हणाली तेव्हा त्याचं उत्तर आलं, ‘मग पहिला तुझ्या दादाला पाठवतो.’

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘अगं, पण तू पाठवलासच कशाला?’

तिने कप खाली ठेवला. ‘चुकलंच सर माझं,’ एवढं म्हणाली आणि दहा मिनिटांत निघून गेली. पुन्हा ती माझ्याकडे आली नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या संध्याकाळी मी जे बोलायला हवं होतं ते. उशिरा बोलतोय, पण तुमच्यापैकी कोणाच्या दारात उद्या अशी मुलगी, किंवा मुलगा, आला तर निदान तुम्ही माझ्यासारखं बोलू नये.

पहिली गोष्ट. मागणं, आग्रह, दडपण, धमकी हे चार वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे आग्रहाचं कौतुकच आहे. पंगतीत ‘एक तरी जिलबी घ्याच’ म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. (हशा) पण जिलबी पोटात गेली की विषय संपतो. फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये गेला की विषय तिथे सुरू होतो. म्हणून हे चार शब्द इथे वेगळे ठेवावे लागतात, आणि कायद्यानेही ते बऱ्यापैकी वेगळे ठेवले आहेत. एकेक पायरी बघू.

पहिली पायरी, मागणं. दोन प्रौढ माणसं, एकमेकांच्या मर्जीने बोलत असलेली. एकाने विचारलं, दुसऱ्याने ‘नाही’ म्हटलं, विषय मिटला. इथे कायदा मधे पडत नाही. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याने कारण द्यायला हवं का? नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे, संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अधिकाराचाच तो भाग आहे. तो निकाल मुख्यतः नागरिक आणि सरकार यांच्याबद्दल होता, हे मान्य. पण त्यातला विचार असा की माझ्या शरीराचं काय दाखवायचं आणि कोणाला, हे ठरवणारा मी. ‘विश्वास असेल तर दाखव’ ह्या वाक्यात पुरावा देण्याचं ओझं भलत्याच माणसावर टाकलेलं असतं. विश्वास ज्याला हवा आहे त्याने आधी नकार ऐकून दाखवावा.

मागणं करणारा पुरुष असेल, समोर स्त्री असेल आणि तिला ते नको असताना शरीरसुखाची मागणी होत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ७५व्या कलमात अशी मागणी किंवा विनंती हा लैंगिक छळ आहे, आणि त्याला ३ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. फोटोची मागणी त्यात बसते की नाही, हे ती कोणत्या शब्दांत आणि कोणत्या संदर्भात केली त्यावर ठरेल.

दुसरी पायरी, पिच्छा. ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरावरून, तोही ब्लॉक केला तर मैत्रिणीच्या मार्फत, इन्स्टाग्रामवर नवं खातं काढून. ७८वं कलम पाठलागाचं आहे. स्त्रीने स्पष्टपणे नापसंती दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क साधणं, किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, दोन्ही त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. ‘स्पष्टपणे’ हा शब्द लक्षात ठेवा. एकदा तरी लिहून ‘मला हे नको, पुन्हा संपर्क करू नका’ असं पाठवलेलं असलं की पुढे फार उपयोग होतो. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हेच, पण लेखी नकार दाखवता येतो.

तिसरी पायरी, धमकी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या विद्यार्थिनीला हे कलम माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. कलम ३५१. कायद्याच्या मराठीत ह्याला फौजदारीपात्र धाकदपटशा म्हणतात. एखाद्याच्या शरीराला, मालमत्तेला किंवा लौकिकाला इजा करण्याची धमकी द्यायची, आणि ती अशासाठी की त्याने घाबरावं, किंवा जे करायला तो कायद्याने बांधलेला नाही ते करावं. बघा, ‘लौकिक’ हा शब्द कलमातच आहे. ‘दादाला पाठवतो’ ही लौकिकाला इजा करण्याची धमकी. ‘आणखी फोटो पाठव’ हे ती करायला बांधलेली नसलेलं काम. त्याने फोटो प्रत्यक्षात कोणाला पाठवला नाही तरी धमकी देताक्षणी गुन्हा घडला. साधी शिक्षा २ वर्षांपर्यंत. स्त्रीच्या चारित्र्यावर डाग लावण्याची धमकी असेल तर ७ वर्षांपर्यंत. नाव लपवून, खोट्या खात्यावरून धमकी दिली तर त्याची आणखी २ वर्षांपर्यंत वेगळी शिक्षा आहे.

धमकी देऊन पैसे मागितले की ती खंडणी, कलम ३०८. पैसे उकळले गेले तर ७ वर्षांपर्यंत कैद.

चौथी पायरी, प्रत्यक्ष पसरवणं. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘फोटो तिनेच पाठवला ना, मग आता तक्रार कसली?’ ७७व्या कलमाच्या स्पष्टीकरणात ह्याचं थेट उत्तर आहे. चित्र घ्यायला स्त्रीची संमती होती, पण ते तिसऱ्या माणसापर्यंत पोचवायला नव्हती, तर ते पोचवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३ वर्षं. ही तरतूद नवी नाही, २०१३ साली जुन्या दंडसंहितेत ३५४सी नावाने ती आली होती. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे. त्याचं ६६ई कलम कोणाही व्यक्तीच्या, म्हणजे पुरुषाच्याही, गुप्तांगांचं चित्र संमतीवाचून घेणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगतं. उघड लैंगिक कृतीचं चित्रण पसरवलं तर ६७ए कलम, पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड.

हे कागदावरच राहतं असं समजू नका. मार्च २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयाने एका तरुणीचं खाजगी चित्रण इंटरनेटवर टाकणाऱ्याला ५ वर्षांची शिक्षा दिली.

आता माझ्या विषयाकडे येतो. ‘तिने दिला होता’ ह्या वाक्यातलं ‘दिला’ तपासू.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात एक उदाहरण घेतलं आहे. वादळात सापडलेल्या जहाजावरचा माल लोक समुद्रात फेकून देतात. कोणी हात धरून फेकायला लावलेलं नाही. मग ते स्वखुशीने फेकलं का? एका अर्थाने हो, हात त्यांचेच होते. पण शहाणा माणूस एरवी आपला माल पाण्यात टाकेल का? ॲरिस्टॉटल अशा कृतींना मिश्र म्हणतो. मी हे उदाहरण वर्षानुवर्षं फळ्यावर जहाज काढून शिकवलं. आणि माझ्यासमोर बसलेल्या मुलीने आठवडाभराच्या वादळात आपला माल टाकला होता, तर मी तिला विचारलं, टाकलास कशाला!

वादळाला कोणी दोषी धरत नाही, कारण वादळाला हेतू नसतो. इथे वादळ उठवणारा माणूस होता. कायद्याला हा फरक कळतो. न्याय संहितेचं २८वं कलम म्हणतं की इजेच्या भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजातून दिलेली संमती, आणि घेणाऱ्याला ते माहीत असेल किंवा तसं मानायला त्याला कारण असेल, तर ती संहितेला अभिप्रेत असलेली संमती नव्हे. हेच तत्त्व १८६० च्या दंडसंहितेतही होतं. अबोला धरणं हा गुन्हा नाही, हेही तितकंच खरं. रुसवा, गळ घालणं, ‘तुझं प्रेमच नाही’, हे सगळं कायद्याच्या अलीकडे राहतं. ते वाईट आहे, पण प्रत्येक वाईट गोष्टीला कलम नसतं. म्हणून पहिला फोटो कसा गेला यावर वाद घालत बसू नका. तो अगदी हसतखेळत दिलेला असला तरी दुसऱ्यासाठी धमकावण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. संमती त्या वेळेची, त्या माणसापुरती आणि त्या कामापुरती असते. शेजाऱ्याला किल्ली दिली ती झाडांना पाणी घालायला.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं सगळं वेगळं. तिथे पोक्सो, म्हणजे २०१२ चा बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा लागतो, आणि तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. मुलाचा होकार तिथे बचाव म्हणून चालत नाही. लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक साधनांनी सतत संपर्क ठेवणं, त्याचं खरं किंवा बनावट चित्रण वापरण्याची धमकी देणं, ११व्या कलमात येतं. ‘बनावट’ हा शब्द २०१२ मध्येच त्यात आहे. आज एआयने चेहरा चिकटवून केलेले फोटो येतात, त्यांनाही तो लागू पडतो. मुलाकडून अश्लील चित्रण करवून घेतलं तर कमीत कमी ५ वर्षं. आणि ह्या कायद्यात गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकाला हे सांगा.

पुरुषांबद्दल. ७५, ७७, ७८ ही कलमं स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहेत. पण अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, समोर नग्न चित्र दिसतं, स्क्रीन रेकॉर्ड होतो आणि दुसऱ्या मिनिटाला पैशांची मागणी सुरू होते, ह्या सापळ्यात पुरुष अडकतात, माझ्या वयाचेही. धाकदपटशा, खंडणी, ६६ई, ६७ए ही कलमं त्यांच्याही कामाची आहेत. तृतीयपंथी व्यक्तींसाठी शिवाय २०१९ च्या कायद्याचं १८वं कलम आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. लिहून घ्या.

पैसे देऊ नका आणि आणखी फोटो पाठवू नका. दिल्याने मागणी थांबत नाही, तुम्ही देता एवढंच समोरच्याला कळतं.

ब्लॉक करण्याआधी पुरावा ठेवा. संभाषणाचे तारीखवेळेसह स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर, प्रोफाइलची लिंक (नाव बदलता येतं, लिंक बहुधा राहते), पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक. मेसेज आपोआप पुसले जात असतील तर दुसऱ्या फोनने फोटो काढा. मूळ चॅट पुसू नका. मात्र चित्र लहान मुलाचं असेल तर ते पुरावा म्हणून कोणालाही फॉरवर्ड करू नका, मामाला नाही, शिक्षकांनाही नाही. फोन थेट पोलिसांना दाखवा.

फोटो कुठे टाकला गेला असेल तर त्या कंपनीकडे लगेच तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशा तक्रारीवर चित्र हटवायला कंपनीला २४ तासांची मुदत घालून दिली, आणि चेहरा जोडून केलेली बनावट चित्रंही त्यात धरली. तक्रार तुमच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. अजून टाकला नसेल पण भीती असेल, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त आकडी ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र अडवतात. अठराखालच्यांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ आहे.

पोलिसांकडे जा. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांबाबतच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण तपास पुढे जायला हवा असेल तर नाव दिलेलं बरं. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकू आलं तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १७३वं कलम सांगा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवावी लागते. ती झीरो एफआयआर. ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. ७४ ते ७९ कलमांतल्या गुन्ह्याची खबर स्त्री देत असेल तर ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. प्रत फुकट मिळते. नुसती ‘धमकी दिली’ एवढंच सांगितलं तर बऱ्याचदा एनसी लिहून परत पाठवतात. म्हणून सगळी हकिगत सांगा, मागणी, पिच्छा, पैसे, पसरवणं, जे घडलं ते सगळं, म्हणजे बाकीची कलमंही लागतील. तरी नोंदवलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

वकील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००. लहान मुलांसाठी १०९८. आणि मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेली मानस, १४४१६. हा नंबर कलमांच्या आधी लागतो.

वेळ झाली आहे, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आमची मुलगी नववीत आहे. असं काही झालं तर फोन काढून घ्यावा का?

उत्तर : तिने आपणहून येऊन सांगितलं असेल तर अजिबात नको. सांगितल्याची शिक्षा झाली की पुढच्या वेळी ती सांगणार नाही. धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल ‘घरी कळेल’ ह्या एका भीतीवर उभं असतं. घरी आधीच कळलेलं असेल आणि घर तिच्या बाजूने उभं असेल, तर त्याच्या हातात काय राहिलं? हे तिला आजच सांगून ठेवा, काही व्हायच्या आधी.

प्रश्न : पण मुलींनी पाठवूच नये, हे सांगायला नको का?

उत्तर : सांगा ना. रात्री दाराला कडी घाला असंही आपण सांगतो. पण चोरी झालेल्या घरी जाऊन पहिलं वाक्य ‘कडी का नाही घातली’ असं म्हणत नाही. आधी विचारतो, तुम्ही बरे आहात ना, कोणाला लागलं नाही ना. मग पोलिसांना फोन. मी नेमकं हेच चुकलो. मला त्या दिवशी म्हणायचं होतं, ‘बरं झालं सांगितलंस. बस. आता आपण काय करायचं ते बघू.’ तेवढंच पुरेसं होतं.